जोडून बोला, अण्णांची आज्ञा!

जे. पी. नगरच्या आमच्या बागेत सकाळी कुणी चपला फरफटत, स्वतःशी "टर्निटॉफ, पिकिटप, नॉटॅटॉल" असं पुटपुटत चालताना दिसलं, तर घाबरू नका. तो कृष्णोजी अण्णांचा विद्यार्थी असतो.

अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड चांगलं मुरलेलं. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि मग कॉल सेंटरमधल्या पोरांच्या जिभा वळवू लागले. आता तेही सुटलं, पण खोड काही जात नाही. लिफ्टमध्ये कुणी "टर्न, इट, ऑफ" म्हणालं की अण्णा कळवळतात. "अय्यो! शब्दांना असं लांब लांब का उभं करता? हात धरू द्या की त्यांना!"

मी नागपूरची. बाळंतपणात नोकरी सोडली होती आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा शोधत होते. लिहायला इंग्रजी फर्डं, पण बोलायला लागले की शुद्धलेखन घातल्यासारखं. समोरचा भराभर बोलला की माझ्या कानात नुसता गोळा! एक चांगली नोकरी "सॉरी? सॉरी?" करण्यातच गेली. दुसरी मुलाखत हेब्बाळच्या एका कंपनीची होती आणि एक अमेरिकन बाई ती फोनवर घेणार होती. हीसुद्धा गेली तर पुन्हा हिंमत होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लिफ्टमध्ये अण्णांजवळ रडगाणं गायले.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी बागेत ये. चपला घालून. बूट नको."

बूट का नको, ते बागेत कळलं. दर शब्दाला एक पाऊल टाकायचं. पण आधीचा शब्द व्यंजनावर संपला आणि पुढचा स्वरानं सुरू झाला, की पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. "पाय उचललास की जीभ अडते! घसरू दे, अम्मा, स्वल्प घसरू दे!" मी घसरत होते आणि हास्य क्लबातल्या बायका हसायचं सोडून बघत होत्या. एकीनं शेवटी विचारलंच, "गुडघ्यांना फरक पडतो का हो यानं?"

"पडतो," अण्णा गंभीरपणे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्याही रांगेत.

"असं बोलता आलं की तसं ऐकूही येतं," हे अण्णांचं लाडकं वाक्य. मला ते थापच वाटायचं. पण मुलाखतीत ती बाई सुसाट बोलत होती आणि मला एकेक शब्द लख्ख कळत होता. टेबलाखाली माझा पाय मात्र फरशी घासत होता. नोकरी लागली.

हे ऋण फिटायचं नाही, हे माहीत होतं, तरी रविवारी सकाळी मैसूरपाक घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. अण्णा टॅबलेटपुढे बसले होते आणि पडद्यावर त्यांची अमेरिकेतली नात होती. अण्णा कानामागं हात धरून म्हणत होते, "आय. ॲम. फाइन. हाऊ. आर. यू?"

मी चाटच पडले. बागेच्या पलीकडच्या टोकाला चुकलेला शब्द ऐकू येणारा हा माणूस!

नात काहीतरी आणायला उठली, तसे अण्णा हळूच म्हणाले, "तिला वाटतं, मला ऐकू कमी येतं. वाटू दे. मागं भराभर बोलायची, मला सगळं कळायचं, अन् लगेच बाय! आता एकेक शब्द सावकाश सांगते. तेवढीच जास्त बसते ना, अम्मा."

तोवर नात हातात चित्र घेऊन परतली. मला पाहून तिनं एका दमात विचारलं, "कॅन ही अंडरस्टँड इट इफ आय टॉक अ लिटल फास्टर?" सगळं एका दोऱ्यात ओवलेलं. मला शब्द न् शब्द कळला, आणि तो कुणाच्या कृपेनं, हे सांगायला नको. अण्णा निकालाला उभ्या पोरासारखे माझ्याकडे बघत होते.

मी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नो. स्लोली. व्हेरी. स्लोली."

"ओके," म्हणत तिनं चित्र पडद्याजवळ धरलं. "आजोबा... दिस... इज... अवर... हाउस."

अण्णांनी कानामागचा हात तसाच ठेवून खुर्ची पुढं ओढली.

"वन्स. मोर. प्लीज."