माझ्या कंबरेची गुणपत्रिका

नोंदी ठेवणं हा प्रांत माझा! आमच्या हिंजवडीच्या कंपनीत शंभर माणसं कामं करायची आणि एक माणूस ती झाल्याची नोंद ठेवायचा. तो माणूस मी, श्रीनिवास खांबेटे. त्यामुळे डॉक्टरांनी मला दुखण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, डॉक्टरबाई, आता बघाच!

गोष्ट दोन हजार सात सालची. माझी कंबर तेव्हा चार वर्षं दुखत होती. एक्स-रेत काही नाही, एमआरआयत काही नाही, रक्तात काही नाही. ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही,’ असं तीन डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं होतं. मालिश झालं, काढा झाला, चुंबकाची गादी झाली. पट्टा बांधला, तर मी दिवसभर बोहल्यावरच्या नवऱ्यासारखा ताठ दिसू लागलो. दुखणं होतं तिथेच.

शेवटी कॅम्पातल्या डॉक्टर मिसबा शेख यांच्याकडे गेलो. या बाईंनी पाऊण तास कंबरेकडे बघितलंच नाही. झोप किती? काळजी कसली? जेवता कधी? शेवटचं पोट धरून हसलात कधी?

“डॉक्टर, दुखतेय कंबर,” मी आठवण करून दिली.

“कंबर एकटीच आली का दवाखान्यात? सगळा माणूस आलाय ना? मग सगळा बघावा लागेल.”

त्यांनी तीन आठवड्यांचा गृहपाठ दिला. वेळ, जागा, काय करत होतो, जवळ कोण होतं आणि किती दुखलं, शून्य ते दहा. “आणि पुढच्या वेळी घरच्यांनाही आणा.”

मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असा तक्ता केला, की बघत राहावं! रंगीत रकाने, आलेख, शेवटी ऑफिसचं एक पान, घरचं एक, दोन्हींवर माणसागणिक सरासरीसुद्धा! फक्त एक केलं. बढत्यांचे दिवस होते, आणि अशा दिवसांत ऑफिसात कुणी आपलं दुखणं दाखवत नाही. म्हणून ‘वेदना’ न लिहिता त्या रकान्यावर नुसतं ‘स्कोअर’ लिहिलं. स्वतःच्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होतो.

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी तक्ता छापायला दिला. प्रिंटरने कागद गिळला आणि गप्प बसला. मी शिव्या घातल्या, पुन्हा छापायला दिला आणि मीटिंगला गेलो. तासाभराने परत आलो, तर माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स! शेजारी आमच्या टीममधला माऊली उभा. हा मुलगा दिवसाला चाळीस शंका विचारायचा, त्यातल्या पस्तीस त्याच त्या.

“सर, थँक्यू!”

“कशाबद्दल?”

“आठ पॉइंट दोन, सर! दहापैकी! मला कॉलेजातसुद्धा कधी मिळाले नाहीत!”

मी प्रिंटरकडे वळून पाहिलं. प्रिंटरने माझ्यामागे दोन्ही प्रती काढल्या होत्या आणि पॅन्ट्रीत चहाबरोबर ऑफिसच्या पानाचं सामुदायिक वाचन झालं होतं. बढत्यांसाठीची ही गुप्त यादी आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

चार वाजता रुपाली आली. तिच्या हातात पाकीट होतं. रुपाली म्हणजे आमचा अर्धा प्रोजेक्ट. उरलेल्या अर्ध्यातलंही बरंचसं तीच करायची.

“राजीनामा आहे, सर. तीन वर्षं मी शनिवारीसुद्धा येते. मला दहापैकी एक.”

“रुपाली, तुझा गैरसमज झालाय. एक म्हणजे चांगलं!”

“हो ना. आणि शून्य म्हणजे सुवर्णपदक.”

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात धारप साहेबांनी आत बोलावलं. साहेबांच्या केबिनमध्ये एकच खुर्ची होती आणि ती साहेबांची होती. मी उभा राहिलो.

“खांबेटे, नऊ?” साहेब भारावले होते. “सगळ्यांत जास्त मला? हाताखालचा माणूस इतकं मोकळेपणी मत देतो, हे फार दुर्मीळ असतं. तुमचं नाव मी बढतीसाठी वर पाठवतोय.”

आता बघा. खरं सांगावं, तर बढती जाते. गप्प बसावं, तर रुपाली जाते आणि तिच्यामागून प्रोजेक्ट जातो. अशा वेळी अनुभवी मॅनेजर जे करतो, तेच मी केलं. शुक्रवारची रजा टाकली, सोमवारी बघू असं ठरवून, कागद बॅगेत कोंबून कंपनीची बस पकडली.

घरी नम्रताने, म्हणजे माझ्या बायकोने, डबा काढायला बॅग उघडली.

“मी तीन?”

“अगं, ते तसं नाहीये—”

“आणि आई आठ?”

रागावलेली बायको फोन फार लवकर लावते. मी ‘ऐक तरी’ म्हणेपर्यंत वाघोलीला, तिच्या माहेरी, रिंग गेलीसुद्धा होती. “आई, अभिनंदन. तुझ्या जावयाने माणसांना मार्क दिलेत. तुला आठ. मला तीन.”

खुलासा करायची हीच वेळ होती, हे मला मान्य आहे. पण सासूबाई फोनवर ऐकत असताना आठचा अर्थ समजावून सांगणारा जावई अजून जन्माला यायचाय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताई, म्हणजे आमच्या सासूबाई, पिशवीभर डिंकाचे लाडू घेऊन दारात हजर!

“श्रीनिवासराव, माझी एवढी किंमत आजवर कुणी केली नव्हती हो. आता चांगली पंधरा दिवस राहते.”

आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. आत मायलेकी झोपल्या आणि मी, त्या आल्या की झोपतो तसा, हॉलमधल्या दिवाणावर. सकाळी नोंद केली : स्कोअर साडेनऊ.

शनिवारी डॉक्टरांची वेळ होती. ‘घरच्यांना आणा’ हे नम्रताच्या लक्षात होतं, त्यामुळे तिघेही गेलो. मी रस्ताभर बोलायचा प्रयत्न केला, पण रिक्षात मायलेकी बोलत असताना तिसऱ्याला जागा नसते.

डॉक्टर मिसबांनी तक्ता पाहिला. “वा! इतका नीट कुणी लिहीत नाही. बायको जवळ असली की तीन, म्हणजे दुखणं अगदी कमी. आणि सासूबाई आल्या की आठ? का बरं इतकं दुखतं?”

भिंतीवरचा सांगाडा तेवढा हसत होता.

“म्हणजे आठ म्हणजे दुखणं?” सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं. “मी सगळ्या सोसायटीला सांगून आले हो. वॉचमनलासुद्धा.”

नम्रता स्वतःच्या तीनवर पहिल्यांदाच खूश झाली. मग आईकडे पाहून तिने ती खुशी आवरती घेतली. मी सांगाड्याच्या बरगड्या मोजू लागलो.

प्रकार लक्षात येताच डॉक्टर म्हणाल्या, “नुसती माणसं वाचू नका. शेजारचा रकाना वाचा. या आल्या की तुम्ही झोपता कुठे?”

“दिवाणावर. तो मधोमध खचलाय.”

“आणि साहेबांसमोर?”

“उभा. श्वास रोखून.”

“रुपालीशी बोलताना?”

“तिच्या टेबलापर्यंत चालत जातो. तिच्याकडे दिलेलं काम झालेलं असतं, म्हणून काळजी नसते.”

“झालं तर! झोप, काळजी, चालणं, उभं राहणं, हे सगळं मिळून ही कंबर. दोष सासूबाईंचा नाही. आणि तुमचं दुखणं खोटंही नाही, बरं का. फोटोत दिसत नाही, एवढंच.”

खोटं नाही, असं चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. नम्रताला ती ॲसिडिटी वाटली आणि तिने पर्समधून गोळी काढून दिली.

डॉक्टरांनी औषधं कमी आणि कामं जास्त दिली. रोज चालायचं, तासाला एकदा उठायचं, झोपेची वेळ पाळायची, पोटातून श्वास घ्यायचा. आम्ही निघालो, तेव्हा सासूबाई गुडघ्यावर हात दाबून उठल्या.

“कधीपासून दुखतोय?” डॉक्टरांनी विचारलं.

“अकरा वर्षं झाली. वय झालं म्हणतात सगळे.” मग म्हणाल्या, “कधीपासून, असं कुणी विचारलंच नाही.”

आता नम्रताही सांगाड्याकडे बघू लागली. डॉक्टरांनी सासूबाईंना पुन्हा बसवलं आणि पाऊण तास त्यांचेही प्रश्न झाले. बाहेर पडताना त्यांच्या हातात शंभर पानी वही होती.

सोमवारी मी सगळ्या टीमला उभं करून खरं काय ते सांगितलं. रुपालीने पाकीट परत घेतलं. “सर, शंका नाही, पण पुढच्या वेळी रकान्याला नाव नीट द्या,” एवढंच म्हणाली. माऊलीने सवयीने हात वर केला. मग म्हणाला, “सर, एक शंका होती... जाऊ दे, मेल करतो.” धारप साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“तुमचं दुखतं काय?”

“कंबर, सर.”

“मग तिचं मोजा. माझं कशाला मोजता?”

बढती पुढच्या वर्षावर गेली. केबिनमध्ये मात्र दुसरी खुर्ची आली.

सासूबाई पंधरा दिवसांच्या जागी दोन महिने राहिल्या. दिवाणाला नवी फळी बसवली. रोज संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जायचो, त्या गुडघ्यासाठी, मी कंबरेसाठी. बोलणं बेताचंच व्हायचं. माझं दुखणं चारावर आलं. सासूबाई रोज नेमाने वहीत लिहायच्या आणि वही उशीखाली ठेवायच्या.

एका रविवारी ती टेबलावर उघडी राहिली. दुसऱ्याच्या नोंदी वाचू नयेत हे मला कळतं. पण अक्षर मोठं होतं.

‘सकाळी आठ. नम्रता जवळ. भाजी निवडली. दोन.’

‘दुपारी चार. जावई जवळ. चहा करतो म्हणाले आणि पेपर वाचत बसले. पाऊण तासाने मीच उठले. नऊ.’

मी नोंद दोनदा तपासली. वेळ, जागा, तपशील, सगळं बिनचूक होतं. मग स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला आणि आमच्या घरात साखर कुठे ठेवतात, ते नम्रताला हळूच विचारलं.