नदीपलीकडची ताई आणि लाल इरकल

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा, सुवर्णाने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं की या वेळी आपण कशाचीही काळजी करायची नाही. सगळं बिघडलं ते तिथून.

एरवी काळजी करणं हे तिचं कामच. शेगडी बंद केली का हे बघायला ती पार्किंगमधून परत वर यायची. तीन वर्षांची स्वानंदी शिंकली की तिचा एक हात लेकीच्या कपाळावर आणि दुसरा फोनवर. नवरा नंदू गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तो म्हणायचा, "तुला आमच्याकडे चेकिंगला बसवायला पाहिजे. एक पार्ट खराब जाणार नाही. (चांगला पण जाणार नाही, ते सोड.)"

तर त्या सकाळी जर्मनीहून थोरल्या बहिणीचा, यामिनीताईचा, व्हिडिओ कॉल आला. ताई गाडीत बसलेली.

"कुठं निघालीस गं एवढी नटून?"

"फ्रान्सला. पाव आणायला."

"पाव आणायला फ्रान्सला?"

"अगं, पूल ओलांडला की फ्रान्स. तिथला पाव चांगला असतो."

"आणि पासपोर्ट? व्हिसा? पोरीचे कागद?" सुवर्णाच्या छातीत धडधडायला लागलं. प्रवास ताईचा होता, धडधड हिची.

"काही नको. आता आम्ही इथले नागरिक ना. युरोपातल्या शेजारच्या देशात आपलं ओळखपत्र घेऊन जाता येतं. नेत्राचं वेगळं कार्ड आहे, ते तेवढं बरोबर ठेवायचं. पुलावर बहुतेक वेळा विचारत पण नाही कुणी."

सुवर्णाला एकदम माहेर आठवलं. दोघींचं माहेर कागलजवळ, दूधगंगेच्या काठी. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक, आणि पलीकडच्या काठावर आत्याचं घर. आईने ताकाची कासंडी हातात दिली की दोघी निघायच्या. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं. परकर वर खोचून या राज्यातून त्या राज्यात. आत्या कानडीत रागवायची आणि मराठीत जेवायला वाढायची. तू कुठली, कागद दाखव, असं कुणी म्हटलं नाही कधी. पूर आला की मात्र जाणं बंद. मग आत्या पलीकडून आपलं लाल लुगडं हलवायची, म्हणजे सगळं ठीक आहे. इकडून आई आपलं हिरवं हलवायची, म्हणजे इकडेही.

"ऐकतीयेस ना सुवर्णे? पुढच्या महिन्यात आम्ही कॅनडाला येतोय. ह्यांचा मित्र विंडसरला राहतो. तुझ्या डेट्रॉइटच्या समोर. मध्ये नदी फक्त."

सहा वर्षं झाली होती ताईला बघून. स्वानंदीला तर मावशी म्हणजे फोनमध्ये राहणारी बाईच वाटायची.

"मी येते पलीकडं," ती म्हणाली. "तू पाहुणी. आणि थोरलीकडं धाकटीनंच जायचं असतं."

"जमेल का तुला?"

"न जमायला काय झालं? शेजारचाच देश की."

इथेच तिने ते काळजी न करण्याचं ठरवलं. पूल आहे, नदी आहे, पलीकडे ताई आहे. आणखी काय लागतं?

संध्याकाळी तिने नंदूला सांगितलं, "ताई येतेय. नदीवर भेटायचं ठरलंय."

नंदू लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "मस्त. जाऊ की."

त्याला वाटलं, ताई नदी ओलांडून इकडे येणार. तिला वाटलं, आपण तिकडे जाणार हे त्याला कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना पुन्हा विचारायची पद्धत पाडलीच नव्हती.

ठरल्या दिवशी सुवर्णाने पहाटे उठून खपली गव्हाची खीर केली. ताईसाठी राखून ठेवलेली लाल इरकल पिशवीत घातली. शेगडी एकदाच बघितली. गाडीत खिरीचं पातेलं मांडीवर, मागे स्वानंदी तिच्या सीटवर, आणि सुवर्णा चक्क गुणगुणत होती. नंदूने दोनदा वळून बघितलं. बायकोची तब्येत बरी नाही की काय, असं त्याला वाटलं.

डेट्रॉइट आलं. कॅनडाच्या पुलाची पाटी दिसली. नंदूने गाडी दुसरीकडे वळवली.

"अहो, पूल तिकडं राहिला!"

"पुलाचं काय करायचंय?"

"पलीकडं कसं जायचं मग?"

"पलीकडं? कॅनडात?" नंदूचा आवाज स्वानंदीच्या पट्टीत गेला. "तुझ्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे?"

"तुमच्या खिशात लायसन्स आहे ना? ओळखपत्र चालतं. ताई पाव आणायला जाते तसंच."

"अगं, ताई युरोपची नागरिक आहे! तिला फ्रान्समध्ये चालतं ते. आपण कागलचे. पासपोर्ट कुठायत आपले?"

"घरी. कपाटात. नीट ठेवलेत." (ही मात्र तिने काळजी घेतली होती.)

नंदूने गाडी नदीकाठच्या पार्किंगमध्ये लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सुवर्णाने पातेलं घट्ट धरलं. समोर नदी, नदीपलीकडे विंडसरच्या इमारती, इतक्या स्पष्ट की खिडक्या मोजाव्यात. आणि तिथे कुठेतरी ताई. डोळ्यांतून टपटप पाणी खिरीच्या झाकणावर पडायला लागलं.

फोन वाजला. "कुठवर आलीस गं?"

"काठावर आहे ताई. पण आपल्याकडं पूर आलाय."

ताईला लगेच कळलं. ती हळूच म्हणाली, "लुगडं हलव की मग."

सुवर्णाने पिशवीतून इरकल काढली. एक टोक तिने धरलं, एक नंदूच्या हातात दिलं. "वर धरा. अजून वर. आत्या कशी धरायची!"

"मी तुझ्या आत्याला बघितलंय का?"

नऊवारी साडी वाऱ्यावर फडफडली. पलीकडे पिवळं काहीतरी हलताना दिसलं. "दिसली! ताई दिसली! पिवळी छत्री घेतलीय!" सुवर्णा उड्या मारायला लागली. हात हलवून हलवून खांदा दुखला. हुंदके देत ती फोनवर म्हणाली, "ताई, किती बारीक झालीस गं."

"मी हिरव्या ड्रेसमध्ये बाकावर बसलीये. ती छत्री आइस्क्रीमवाल्याची आहे."

खऱ्या ताईकडे वळून ती हात उचलणार, तोच मध्ये एक लांबच्या लांब मालवाहू जहाज आलं. संपेचना. जहाजावरच्या एका खलाशाने मात्र साडी बघून प्रेमाने हात हलवला.

एव्हाना माणसं जमली होती. फोन वर करून कुणी शूटिंग घेत होतं. एक गार्ड आला आणि त्याने नंदूला अदबीने विचारलं, हा मोर्चा कशाबद्दल आहे?

"नो नो, फॅमिली," नंदू साडीआडून म्हणाला.

"माय मावशी इज इन कॅनडा!" स्वानंदीने खुलासा केला. मग गार्डनेही टोपी काढून कॅनडाकडे हलवली. पाठोपाठ सगळेच हलवायला लागले.

तेवढ्यात फोनवर ताईच्या अकरा वर्षांच्या नेत्राचा आवाज आला. "मम्मा, व्हाय डोन्ट वी गो देअर? परवा नायगाराला पुलावरून चालत गेलो, ती अमेरिकाच होती ना?"

सुवर्णाने डोळे पुसून फोन कानाला घट्ट लावला.

"हो की," पलीकडून ऋषीदाजी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी धबधबा बघायचा म्हणून अमेरिकेची ऑनलाइन परवानगी काढलीये आपण."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?" ताई कडाडली.

"तुमचं ठरलं होतं ना, धाकटीनंच यायचं असतं."

"ताई, या ना गं आत्ताच्या आत्ता!" सुवर्णा किंचाळली.

"आलो. निघालोच." मग ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "सुवर्णे... पासपोर्ट मित्राच्या घरी आहेत. आम्ही ओळखपत्रंच घेऊन आलोय. सवय गं."

नंदू पोट धरून हसायला लागला. साडीचं टोक त्याच्या हातून सुटलं आणि गार्डच्या डोक्यावर पडलं.

पासपोर्ट आणून, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ते आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. ताई गाडीतून उतरली आणि दोघी नुसत्या उभ्या राहिल्या, एकमेकींचे दंड धरून. स्वानंदी आधी आईच्या मागे लपली. मग पुढे येऊन तिने मावशीच्या गालाला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "शी केम आउट ऑफ द फोन!" ताईने तिला उचललं ती रात्री झोपेपर्यंत खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाला वाटलं, आपली झाली ती फजिती दुसऱ्या कुणाची होऊ नये. तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज लिहिला: "नुसत्या ओळखपत्रावर शेजारच्या देशात जाणं हे युरोपच्या नागरिकांना युरोपातच चालतं. इकडे पासपोर्ट, व्हिसा आधी बघा. आणि आपल्यापैकी नक्की कोण नदी ओलांडणार, हे नवऱ्याशी दोनदा बोला. कृपया पुढे पाठवा."

पहिलं उत्तर शुभाकाकूंचं आलं. "अगं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. ते जाऊ दे. काल डेट्रॉइटला आइस्क्रीमच्या छत्रीकडे बघून रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ फिरतोय. साडी धरलेला माणूस आपल्या नंदूसारखा दिसतो. तो नंदूच का?"

तो व्हिडिओ अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या बॉथेलपासून पूर्वेकडच्या एडिसनपर्यंत पोहोचला. कागललाही गेला, आईने तो तीनदा बघितला. सुवर्णाचा मेसेज मात्र एकानेही पुढे पाठवला नाही. तेव्हा वाचकहो, एवढं कराच: तुमच्या ओळखीत कुणाची बहीण नदीपलीकडे उतरणार असेल, तर पासपोर्टचं तेवढं कानावर घाला. व्हिडिओ नाही पाठवलात तरी चालेल, तो त्यांच्याकडे असेलच.