तीन पिढ्यांची ठासणीची

ठासणीची बंदूक कशी निवडावी हा प्रश्न तुम्हाला कधी पडला, तर बेधडक माझ्याकडे या! अख्ख्या सिंगापुरात या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा मराठी माणूस तुम्हाला मिळायचा नाही. चकमकीची घ्यावी की टोपीची, नळी किती लांब असावी, हरणासाठी गोळी केवढी, गोल गोळीला नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा पीळ सैल का लागतो, सगळं मला तोंडपाठ आहे. एकच बारीकशी गोष्ट आधी सांगून ठेवतो. बंदूक मी अजून हातात धरलेली नाही.

धरणार तरी कशी? मी इथल्या वन-नॉर्थ भागात एका कंपनीत अकाउंटंट, राहायला क्लेमेंटीत, अकराव्या मजल्यावर. इथे बॅगेत फटाक्याची लवंगी सापडली तरी माणसाची आयुष्यभराची झोप उडते. आणि शिकारीचं म्हणाल, तर घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून बायकोला हाक मारणारा मी!

पण जिभेला हाड नसतं, त्याला कोण काय करणार?

आमची थोरली अश्लेषा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात नोकरी करते. तिने तिथलाच कुशल पसंत केला. त्याचे वडील प्रतापराव आणि आई मीनाक्षीताई चाळीस वर्षांपासून तिकडे. पहिला व्हिडिओ कॉल ठरला, त्याच्या आदल्या दिवशी अश्लेषाचा फोन आला.

"बाबा, माणसं खूप साधी आहेत. पण कुशलच्या बाबांना थापा मारलेल्या अजिबात खपत नाहीत. एका सख्ख्या मित्राशी त्यांनी त्यावरून बोलणं टाकलंय. तेव्हा प्लीज..."

"अगं, मी कधी थापा मारतो?"

पलीकडून फोनच कट झाला. नेटवर्क गेलं असावं, असं मला वाटलं.

कॉल सुरू झाला. प्रतापरावांच्या मागे भिंतीवर दोन लांबलचक बंदुका टांगलेल्या. मी सहज विचारलं आणि गृहस्थ खुलले. "या ठासणीच्या! नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, आणि गजाने ठासायचं. आमच्याकडे ऑक्टोबरात एक आठवडा हरणाच्या शिकारीला फक्त हीच चालते. पण तुम्हाला त्यातलं काय कळणार म्हणा!"

ते हसून म्हणाले हो, पण मला ते लागलं. मुलीचा बाप झालो म्हणून काय झालं?

"मला काय कळणार?" मी म्हणालो. "अहो, आमच्या घरात तीन पिढ्यांची ठासणीची होती!"

शेजारी बसलेल्या बायकोने, नीताने, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. म्हणजे ठेवला नाही, दिला! पण गोळी सुटली होती.

"काय सांगता!" प्रतापराव खुर्चीतून उठलेच. "चकमकीची की टोपीची?"

टोपी म्हणजे काय, चकमक म्हणजे काय, मला काय ठाऊक? मी आपलं ठोकून दिलं, "दोन्ही! पावसाळ्यात टोपीची, एरवी चकमकीची."

प्रतापरावांनी कॅमेऱ्यासमोर हातच जोडले. म्हणाले, "वा! चकमकीच्या ठिणगीने पेटणारी दारू दमट हवेत दगा देते, तिथे स्फोटक टोपीचीच हवी, हे समजायला मला इथे तीन हंगाम लागले. तुमच्या तर रक्तातच आहे!"

अहो, माझ्या रक्तात फक्त साखर आहे, आणि तीही गोळीने आटोक्यात! पण तीर बरोबर लागला होता. आणि लागलेला तीर सगळ्यात वाईट, कारण मग दुसरा मारावासा वाटतो.

प्रतापराव पुढे म्हणाले, "ठरलं! तुमची इकडची पहिली ठासणीची माझ्याकडून व्याहीभेट. ती माझ्या कपाटात राहील, तुम्ही ऑक्टोबरात यायचं. निवड मात्र तुमचीच. आणि आम्ही पुढच्या महिन्यात बोलणी करायला सिंगापूरला येतोय, तेव्हा आजोबांची ठासायची रीत मला करून दाखवायची!"

त्या दिवशी अश्लेषाचा पुन्हा फोन. या वेळी आवाज रडवेला. "बाबा, ते सगळ्या मित्रमंडळींना सांगत सुटलेत. हे खोटं निघालं तर मी त्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ?"

पोर रडली की मला राहवत नाही. मी तिला सांगितलं, "तू काळजी करू नकोस, मी खरं सांगून टाकतो." मनापासून सांगितलं होतं. पण मग विचार केला, खरं सांगण्यापेक्षा बंदूक शिकणं काय वाईट? महिना आहे हातात!

आणि मी अभ्यासाला लागलो. प्रतापरावांनी तीन बंदुकांचे फोटो पाठवले होते, खाली एकच शब्द: 'निवडा'. मी एक्सेल उघडलं. वजन, नळीची लांबी, गोळीचा व्यास, साफसफाई, गॅरंटी. कुकर घेतानाही आम्ही इतका विचार केला नव्हता. सकाळी एमआरटीच्या मेट्रोत शिकारीचे व्हिडिओ, दुपारी हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांवर भात चिवडत शिकारीचे लेख. परिणाम असा की घरातल्या सगळ्या स्क्रीनवर शिकारीच्या जाहिराती येऊ लागल्या. धाकटी आर्या लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, व्हाय माय लॅपटॉप कीप शोइंग डिअर युरिन, आह?"

"अगं, हरणांना जवळ बोलवायला शिंपडतात ते."

"सो ग्रॉस लाह!" म्हणून ती गेली, आणि नीताने कपाळाला हात लावला.

सगळे तज्ज्ञ एका बाबतीत एकमताचे होते. पहिली बंदूक कागदावर निवडायची नाही. डोळे मिटून ती खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नजर सरळ नळीवरून गेली, तर बंदूक आपल्या मापाची. आता मी खांद्याला काय लावू? मग माझं लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलं. तिथे आमची कपडे वाळत घालायची काठी! अ‍ॅल्युमिनियमची, आतून पोकळ, एका टोकाला प्लॅस्टिकचं बूच. याहून वेगळी नळी असते तरी कशी?

झालं! रोज सकाळी सात वाजता मी खिडकीशी उभा राहायचो. एका टोकाला सोफ्याची उशी बांधून काठी खांद्याला, डोळे मिटून एक-दोन-तीन, डोळे उघडून समोरच्या ब्लॉकमधल्या एसीवर नेम! नजर सरळ जाऊ लागली. अंगात शिकारी भिनला. समोरच्या घरातली एक म्हातारी मावशी रोज झाडांना पाणी घालताना माझ्याकडे बघायची. मी मान लववून हसायचो. कौतुकाने बघत असेल, असं मला वाटायचं.

बघता बघता तो रविवार उजाडला. पाहुणे बाराला जेवायला येणार होते. कुशलला रजा मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या सोबतीला अश्लेषा आली होती आणि त्यांच्याबरोबरच हॉटेलवर उतरली होती. नीता मसालेभात आणि अळूवड्यांत गुंतलेली, म्हणून मी शेवटची रंगीत तालीम करायचं ठरवलं. ठासायची! दारूच्या जागी टाल्कम पावडर. गोळीच्या जागी सुपारी. विहीणबाईंच्या ओटीच्या ताटात एक छान गोल सापडली. चिंधी सुती हवी, तुपात भिजवलेली. त्याच ताटात सुती खणही होता. त्यातून रुपयाएवढी गोल चकती कापली तर कोणाला कळणार? पहिली वाकडी झाली. दुसरी लहान. नववी बरोबर बसली.

पावडर ओतली, चकतीत गुंडाळलेली सुपारी घातली आणि पडद्याच्या दांडीने दिली ठासून! सुपारी निम्म्यावर गेली आणि अडकली. जोर लावला, तर दांडीही अडकली! ना पुढे, ना मागे. घड्याळात साडेअकरा! मी काठी खिडकीच्या चौकटीवर आपटली, आडवी केली, उभी केली, तोंड बाहेर काढून गदागदा हलवली. समोरच्या मावशींच्या हातातली झारी खाली पडली. मग त्या आत पळाल्या आणि त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली.

बाराच्या ठोक्याला बेल वाजली. मी हसतमुखाने दार उघडलं. दारात प्रतापराव, मीनाक्षीताई, अश्लेषा आणि दोन पोलीस!

सगळे एकाच लिफ्टने आले होते.

त्यातला तरुण पोलीस अतिशय नम्र होता. "गुड आफ्टरनून अंकल. वुई गॉट अ कॉल. समवन से एव्हरी मॉर्निंग गॉट मॅन पॉइंटिंग रायफल फ्रॉम धिस फ्लॅट. यू गॉट गन ऑर नॉट?"

मी तोंड उघडायच्या आत प्रतापराव पुढे सरसावले. व्याह्यांच्या अब्रूचा प्रश्न होता ना! इंग्रजीत, छाती पुढे काढून त्यांनी पोलिसांना ठणकावून सांगितलं, "ऑफिसर, हे साधेसुधे गृहस्थ नाहीत! तीन पिढ्यांचे शिकारी आहेत. बंदुकीत यांचा हात धरणारा कोणी नाही. यांच्या घरात एक नाही, दोन होत्या!"

पोलिसाने वही काढली. "टू, इज इट?"

इकडे आड, तिकडे विहीर! बंदूक आहे म्हणावं तर पोलीस नेणार. नाही म्हणावं तर व्याही थापाड्या म्हणणार. मी अश्लेषाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात दुसऱ्या पोलिसाची नजर स्वयंपाकघराच्या फरशीवर गेली आणि त्याने शांतपणे विचारलं, "अंकल, दॅट व्हाइट पावडर इज व्हॉट, आह?"

मंडळी, अमली पदार्थांना फाशी देणाऱ्या सिंगापुरात हा प्रश्न कानावर पडला की माणूस खरं बोलायला लागतो! मी जवळजवळ ओरडलोच.

"टाल्कम! चंदनाच्या वासाची! आणि माझ्याकडे बंदूक नाही! कधीच नव्हती! आजोबांकडेही नव्हती! आजोबा शिकारीला जायचे, पण हाकाऱ्यांमध्ये, जनावर उठवायला रॉकेलचा डबा वाजवत! आमच्याकडे तीन पिढ्या बंदूक नव्हती, डबा होता!"

हेच सगळं पोलिसांसाठी पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं. 'डबा' म्हणजे काय ते समजावून देताना तर मला ताटलीवर चमचा वाजवून दाखवावा लागला. मग मी ती काठी आणली. पोलिसाने आत टॉर्च मारून पाहिलं, पावडरीचा वास घेतला, एक शिंक दिली आणि अडकलेल्या वस्तूबद्दल विचारलं. पुराव्यादाखल मी ओटीचा खण पसरला. हिरवागार खण, मधोमध नऊ गोल भोकं!

नीता गॅस बंद करून बाहेर आली, ती नेमकी त्याच वेळी.

"अहो! हा विहीणबाईंचा खण आहे!"

मीनाक्षीताई पुढे आल्या. त्यांनी खण हातात घेतला, एका भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुपात बुडवून?"

मी मान डोलावली.

आणि मीनाक्षीताई जे हसायला लागल्या! हसता हसता सोफ्यावर बसल्या, डोळ्यांतून पाणी. "अहो नीताताई, तीस वर्षं हेच बघतेय मी! आमच्या घरात एक उशीचा अभ्रा धड नाही. यांनी हरणांपेक्षा माझे अभ्रेच जास्त मारलेत!"

"मीना, पोलिसांसमोर कशाला..." प्रतापराव पुटपुटले.

"का नको? सांगा ना, तीस वर्षांत हरणं किती?"

प्रतापरावांनी छताकडे बघत एक बोट वर केलं. मग जरा विचार करून तेही अर्धं मिटलं. "ते लंगडत होतं," ते म्हणाले.

आता अश्लेषाही रडता रडता हसत होती. मी प्रतापरावांपुढे हात जोडले. "माझं चुकलं. पोरीचा यात काही दोष नाही. तिने मला आधीच बजावलं होतं."

प्रतापरावांनी माझे हात धरले. "निशिकांतराव, थाप मारणारे पुष्कळ पाहिलेत. पण मारलेल्या थापेसाठी महिनाभर अभ्यास करणारा पहिलाच!" मग त्यांनी काठी खांद्याला लावून पाहिली. "तोल चांगलाय हो. लग्नानंतरच्या ऑक्टोबरात याच. बंदूक मी निवडतो, तुम्ही डबा आणा!"

पोलीस अळूवडी खाऊन उठले. जाताना तरुण पोलीस मागे वळला. "अंकल, गन नो केस. बट द पोल, डोन्ट स्विंग आउटसाइड विंडो, कॅन? ड्रॉप डाउन, दॅट वन सीरियस." मी समोरच्या मावशींची जाऊन माफी मागितली, नवी झारी नेऊन दिली. त्यांनी ती घेतली, पण दार साखळी न काढताच उघडलं.

डिसेंबरात लग्न झालं, यिशुनच्या एका हॉलमध्ये. आणि रुखवतात लाडू-चकल्यांच्या मधोमध नीताने ती काठी मांडून ठेवली होती! झेंडूची माळ घालून, खाली पाटी: 'तीन पिढ्यांची ठासणीची'. बायकोने सूड उगवावा तो असा!

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. विमानात मावेना म्हणून काठी मधून कापली, आणि ती आखूड नळीची होऊन पेनसिल्व्हेनियाला पोचली. हल्ली ती प्रतापरावांच्या भिंतीवर दोन खऱ्या बंदुकांच्या वर टांगलेली असते. परवा अश्लेषाचा फोन आला, तेव्हा मागून कोणा पाहुण्याचा आवाज येत होता. ही कसली विचित्र बंदूक, असं तो विचारत होता.

"ती?" ज्यांना थापा अजिबात खपत नाहीत ते माझे व्याही भरदार आवाजात सांगत होते, "ती आमच्या व्याह्यांची! त्यांच्या आजोबांनी तिने वाघ मारलाय!"

आता व्याह्यांना खोटं कोण पाडणार? मुलीचा बाप आहे मी!