खालचा बाबू

फाटकाशी कोणी उभं आहे असं काकींनी खुणावलं, की आमचे शेजारी रामटेके काकाजी मागच्या दाराने निघायचे, घराला वळसा घालायचे आणि आलेल्या माणसाला आधी पाठीमागून न्याहाळायचे. "समोरून तं सारेच भले दिसतेत," म्हणायचे. मी मास्तर म्हणून गोंदियात नवा आलो, तेव्हा माझीही पाठ तपासली गेली. नंतर चहा मिळाला, म्हणजे पास झालो असणार.

काकाजींची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. खोक्यावर 'काच' लिहिलेलं असायचं आणि आतून गुळाचा पाक गळायचा. त्यामुळे दूधवाला असो की हवामानाचा अंदाज, त्यांच्या लेखी सगळ्यात 'काहीतरी भानगड' होती.

रिटायर झाल्यावर त्यांनी नवीच शंका धरली.

"मास्तर, आजकाल लोकं मुद्दाम हळू बोलून राहिलेत. मी गेलो का आवाज कमी करतेत."

किराणावाला हळू बोलायचा, ऑटोवाले हळू बोलायचे, काकीसुद्धा. "घरचेच फितले, तं बाहेरच्याले काय म्हणावं?" काकींनी एकदा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला, तर डॉक्टरही त्या कटात सामील असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि बरेच दिवस काकींशी अबोला धरला. पुढे ते बोलायला लागले, पण काकींनीच बोलणं कमी केलं. दर वाक्य तीनदा सांगायचं आणि वर आरोप ऐकायचा, त्यापेक्षा हाताने खूण केलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं.

घरोघरी डीव्हीडी प्लेअर येत होते त्या काळातली ही गोष्ट. नागपूरच्या मुलीने काकाजींना एक आणून दिला, सोबत चार-दोन सिनेमे. दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं. इंग्रजी सिनेमा सुरू होता आणि पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं उमटत होती.

"हे कोण लिहून राहिला? मी तं सांगतलं नाही कोणाले."

"काकाजी, ते जे बोलतात तेच खाली लिहून येतं. रिमोटच्या या बटणाने चालू होतं, याच बटणाने बंद."

"तेच येते, हे कायवरून?"

मग तपासणी सुरू झाली. मी कानाने ऐकायचं, काकाजींनी डोळ्याने वाचायचं आणि मग दोन्ही जुळवायचं. एक साहेब बराच वेळ तावातावाने बोलला. खाली आली अर्धी ओळ. काकाजींनी सिनेमा थांबवला.

"पाहा. माल भरला गाडीभर, उतरवला टोपलीभर. बाकीचे शब्द कुठं गेले?"

लिहिणाऱ्याचं नाव त्यांनी 'खालचा बाबू' ठेवलं. बाबू कामचुकार होता, शिव्या गाळायचा, पण हळू बोलत नव्हता, एवढं त्यांनी मान्य केलं. हिंदी मालिका सुटल्या. काकाजी रोज संध्याकाळी चष्मा लावून इंग्रजी सिनेमा वाचायला बसू लागले.

एकदा ते बटण दाबता दाबता भाषांची यादीच उघडली. इंग्रजी दोनदा लिहिलेलं होतं, दुसऱ्यांदा पुढे आणखी बरेच शब्द जोडून.

"हे दुसरं कोणासाठी?"

मी जरा अडखळलो. "ज्यांना ऐकायला कमी येतं, त्यांच्यासाठी."

काकाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाले, "नाव लंबं आहे. यात माल जास्त असन. हेच लाव."

माल खरोखरच जास्त होता. आता आवाजही कंसात लिहून येऊ लागले. दार करकरलं, कुत्रं भुंकलं, दूर गाडीची शिट्टी झाली. काकाजी प्रत्येक आवाजाला माझ्याकडे बघत आणि मी मान हलवी. मग पडद्यावर एक बाई पाठमोरी भांडी धुताना दिसली. खाली कंसात आलं, बाई गुणगुणते आहे.

काकाजींनी सिनेमा थांबवला. मला वाटलं, बाबूची काहीतरी चूक सापडली.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "आमची गुणगुणते का अजून?"

मी कान दिला. स्वयंपाकघरात काकी तांदूळ निवडत होत्या आणि गात होत्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाया म्हणतात त्यातलं गाणं होतं.

"हो," मी म्हटलं. "गाऊन राहिल्या."

"आत्ता?"

"आत्ता."

ते उठले. स्वयंपाकघरात गेले आणि काकींच्या समोर फरशीवर बसले. सुपातले मूठभर तांदूळ स्वतःकडे ओढले. पण खडे बघेनात, काकींच्या तोंडाकडेच बघत राहिले.

काकी गायच्या थांबल्या. "कायले पाहून राहिले असे?"

काकाजींना ते ऐकू आलं नसावं. पण ओठ थांबले, ते त्यांना दिसलं.

"थांबली काऊन?" ते म्हणाले.

काकींनी एकदा दाराशी उभ्या माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी मोठ्याने.