रस्टी बकेटमधली आषाढी

फीनिक्समध्ये जुलै महिन्यात एसी बंद पडला की माणूस आधी देवाला आठवतो आणि मग एसीवाल्याला फोन लावतो. कुमारने आधी एसीवाल्याला लावला. तो म्हणाला, मंगळवारी येतो. तो दिवस रविवारचा होता, सकाळची न्याहारीही व्हायची होती, घर आत्ताच तापलेल्या तव्यासारखं झालं होतं आणि दुपारच्या विमानाने क्युपर्टिनोहून मुलाकडची मंडळी येणार होती.

मुलगा प्रथमेश आणि मुलगी यामिनी. यामिनी ही सुमेधाची धाकटी बहीण, म्हणजे कुमारची मेहुणी. ती जवळच टेंपीच्या विद्यापीठात शिकत होती. आईवडील नागपुरात, त्यामुळे मुलीकडच्यांचा मानपान, धावपळ आणि धडधड हे सगळं कुमार-सुमेधाच्या वाट्याला आलेलं. आजवर प्रत्येक स्थळाला 'बघू' म्हणणाऱ्या यामिनीने प्रथमेशचा फोटो पाहून 'चालेल' म्हटलं होतं. एवढ्यावरून सुमेधाने काय ते ओळखलं आणि हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही असा चंग बांधला.

प्रश्न होता मुलाच्या आईचा. मीनाक्षीकाकूंनी आठवड्यापूर्वी फोनवर एकच चौकशी केली होती: तुमच्याकडे उपासतापास होतात का? नेमका तो फोन कुमारने घेतला होता आणि बोलण्याच्या भरात तो म्हणून गेला, "काकू, आमच्याकडे एकादशी चुकत नाही."

वास्तविक त्या घरात एकादशी कधी येते आणि कधी जाते हे फक्त फ्रिजवर टांगलेल्या दिनदर्शिकेला ठाऊक. कुमार तर दर गुरुवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर 'रस्टी बकेट' नावाच्या स्टेकच्या हॉटेलात जाऊन भाजलेल्या मांसाच्या रिब्जवर ताव मारत असे. सुमेधाने फोननंतर त्याला धारेवर धरलं.

"तुला कोणी विचारलं होतं हे सांगायला?"

"काकूंनीच विचारलं," कुमार म्हणाला. ते खरंच होतं.

मग सुमेधाने दिनदर्शिका काढली. आषाढी एकादशी सोमवारी होती आणि पाहुणे रविवारी येत होते, म्हणजे एका दिवसाने सुटका. तिने शनिवारपासूनच कंबर कसली. चक्का टांगला, श्रीखंड घोटलं, मसालेभाताची तयारी केली आणि रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत पुऱ्यांचा डोंगर तळून ठेवला. एसीने मान टाकली ती बहुधा त्या तळणाच्या वेळीच.

विमानतळावर मंडळी वेळेवर उतरली. पुरुषोत्तमकाका म्हणजे निवृत्त डॉक्टर, उंच, कमी बोलणारे. प्रथमेश सज्जन दिसत होता आणि फार घाम पुसत होता. काकू मात्र नऊवारी नेसून आल्यासारख्या ताठ चालत होत्या, जरी अंगात साधा पंजाबी ड्रेस होता. कुमारने बॅग घेत विचारलं की विमानात काही खाल्लंत का.

"छे, आज आषाढी ना," काकू म्हणाल्या.

"आषाढी उद्या..." असं म्हणता म्हणता कुमारने जीभ चावली.

काकूंनी त्याला शांतपणे समजावलं. उद्या आहे ती भारतात. तिथी इथल्या सूर्योदयाला धरायची, म्हणून इथल्या पंचांगाप्रमाणे आषाढी आज. "तुम्ही पाळताच, तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा," त्या म्हणाल्या.

"हो तर," कुमार म्हणाला आणि बाथरूमला जाऊन येतो सांगून सटकला.

आत आडोशाला जाऊन त्याने घडीचा मोबाइल उघडला आणि सुमेधाला फोन लावला. एकादशीच्या दिवशी, एकादशी न चुकवणाऱ्या घरात, टेबलावर पुऱ्या आणि मसालेभात मांडून ठेवलेला. काकूंनी ते पाहिलं की यामिनीचं लग्न तिथेच मोडणार होतं. साबुदाणा घरात नव्हता, आणि असता तरी तो भिजेपर्यंत काकूंना बसवायचं कुठे?

सुमेधा म्हणाली, "घरी आणूच नकोस त्यांना. एसी बंद आहे म्हणून सांग. मी सगळं फ्रिजमध्ये कोंबते आणि यामिनीला घेऊन त्या देसी बुफेवाल्याकडे येते."

सकाळी ज्या एसीला कुमारने लाखोली वाहिली होती, त्याच एसीला आता त्याने मनातल्या मनात हात जोडले.

बुफेच्या दारात सगळे भेटले. यामिनीने वाकून नमस्कार केला. प्रथमेशने तिला 'हाय' म्हटलं आणि लगेच 'नमस्कार' म्हटलं. ओळखीचे चार शब्द झाले आणि काकू त्या लांबलचक भांड्यांच्या रांगेवरून झाकणं उचलून बघत फिरून आल्या. शाळा तपासायला आलेले साहेब वर्गावर्गातून फिरतात, तशाच. कुठे डाळ, कुठे भात, कुठे नान, आणि बटाटा होता तो कांद्यात लोळत पडलेला. चालण्यासारखं फक्त कापलेलं कलिंगड होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

तिथून ही सहा माणसं कुमारच्या मिनीव्हॅनमध्ये बसली आणि त्याची खरी परीक्षा सुरू झाली. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी खायच्या जागा नुसत्या खेटून उभ्या होत्या. कुमार ह्या भागात सहा वर्षं राहत होता, पण इथले लोक धान्याशिवाय काहीच खात नाहीत हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. सँडविच म्हणजे पाव. पिझ्झा म्हणजे थापलेला पाव. मेक्सिकन दुकानात मका, तांदूळ आणि घेवडा, म्हणजे एकादशीला जे जे चालत नाही ते एकाच पोळीत गुंडाळलेलं. चिनी दुकानात नूडल्स. एका ठिकाणी सॅलड मिळत होतं, पण काकू म्हणाल्या की एकादशीला कोबी आणि ढोबळी मिरची खाल्ल्याचं त्यांच्या माहेरी-सासरी कोणी ऐकलेलं नाही.

बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसावा. काकूंच्या पोटात आदल्या रात्रीपासून काही नव्हतं. त्यांनी मागे मान टेकून डोळे मिटले, तशी सुमेधाची घालमेल वाढली.

"फ्रेंच फ्राइज," कुमारला एकदम सुचलं. बटाटा, मीठ आणि तेल. उपासाला याहून काय हवं? त्याने गाडी एका बर्गरवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घातली. ऑर्डर देणार तोच मागून काकूंचा आवाज आला. "त्याला विचारा, त्या तेलात आणखी काय तळतात."

कुमारने विचारलं. ऑर्डर घेणाऱ्या खोक्यातून आलेला आवाज उत्साही होता. चिकन तळतो, मासे तळतो, म्हणून तर आमच्या फ्राइजना एवढी चव असते, असं त्याने सांगितलं आणि मोठा पॅक देऊ का म्हणून विचारलं. कुमारने काहीही न घेता गाडी बाहेर काढली. यामिनी खिडकीबाहेर बघत नखं खात होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीला चक्कर आलेली चालते, होणाऱ्या सासूला आली तर काय करतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

अखेर प्रथमेश खाकरला. "पुढच्या लाइटला लेफ्ट घ्या. रस्टी बकेट आहे तिथे. टेबलावर भाजलेल्या शेंगा ठेवतात. बटाटा, रताळं अख्खं भाजून देतात. पार्किंग मागच्या बाजूला घ्या, सावली असते."

रस्टी बकेट हे नाव ऐकून कुमारचं धाबं असं दणाणलं की बाकीचं वाक्य त्याच्या कानांवरून गेलं. तिथे सगळं मांसाहारी असतं, असं तो घाईघाईने म्हणाला.

"पण बटाटा, रताळं, शेंगा आहेत ना?" डोळे न उघडता काकूंनी विचारलं. "मग चला."

दारावर बैलाची शिंगं लावलेली, आत गिटारवर कोणी तरी प्रेमभंगाचं रडगाणं गात होता, दर टेबलावर शेंगांनी भरलेली पत्र्याची बादली होती आणि सगळीकडे भाजलेल्या मांसाचा वास कोंदला होता. कुमार काकांच्या उंचीचा आडोसा धरून आत शिरला. बसल्या बसल्या त्याने मेन्यू कार्ड उघडून तोंडासमोर उभं केलं. कारण तिथली वेट्रेस डेबी समोरूनच येत होती. दर गुरुवारी ती कुमारला काहीही न विचारता रिब्ज आणून ठेवायची. आज तिने नुसतं 'नेहमीचंच ना' म्हटलं, की कुमारच्या एकादश्या, यामिनीचं लग्न आणि सुमेधाची झोप असं सगळं एका फटक्यात गेलं.

डेबी टेबलापाशी आली. तिने कुमारकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा चेहरा फुलला तो यामिनी आणि प्रथमेशकडे बघून. माझी लाडकी जोडी आज कोपऱ्यातल्या जागेवर कशी नाही, असं तिने विचारलं. आणि नेहमीसारखी एक प्लेट रिब्ज आणि दोन काटे आणू ना, असंही.

यामिनी बादलीतल्या शेंगा मोजत असल्यासारखी खाली बघत राहिली. प्रथमेशचे कान लाल झाले.

काकू म्हणाल्या, "प्रथमेश, मे महिन्यात तू सॅन डिएगोला कॉन्फरन्सला गेला होतास ना?"

"हो, आई."

"आणि जूनमध्ये?"

"तीच कंटिन्यू झाली होती."

काका खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. मग यामिनीनेच मान वर केली. मागच्या वर्षीच्या मराठी अधिवेशनात दोघांची ओळख झाली होती आणि तेव्हापासून सगळं ठरलेलंच होतं. फक्त घरच्यांना बरं वाटावं म्हणून फोटो आणि पत्रिका रीतसर मध्यस्थाकडून फिरवली होती. हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "मला तुमची भीती वाटत होती, काकू," ती म्हणाली. "मी उपास वगैरे काही करत नाही."

"ते कळलं. एक प्लेट आणि दोन काटे म्हणाली ना ती," काकू म्हणाल्या. मग त्यांनी डेबीला खडखडीत इंग्रजीत ऑर्डर दिली. दोन रताळी आणि एक बटाटा, सगळं फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये भाजलेलं, ग्रिलवर नाही. लोणी वेगळं. रताळ्यावर दालचिनी-साखर बिलकूल नको. डेबीने मुकाट्याने मान डोलावली.

सगळे बघत राहिले. तेव्हा काकांनी त्या दिवसातलं पहिलं लांबलचक वाक्य उच्चारलं. टेक्ससमध्ये लबकला ते नवे नवे डॉक्टर होते, तेव्हा साबुदाणा नावाची वस्तू त्या गावाने पाहिली नव्हती, आणि काकूंच्या सगळ्या एकादश्या अशाच स्टेकच्या हॉटेलात व्हायच्या. "मी समोर बसायचो," ते म्हणाले.

"तुम्ही समोर बसून काय खायचात ते आज नको," काकू म्हणाल्या आणि सुमेधाकडे वळल्या. "मी उपास करते, मला आवडतो म्हणून. सुनेने करावा असं मी कुठे म्हणाले? फोनवर विचारलं ते एवढ्यासाठीच, की तुमच्याकडे नसेल होत तर मी माझा डबा बरोबर आणीन. खिचडी करून ठेवलीही होती. मग आठवलं, तुमच्याकडे एकादशी चुकत नाही. म्हटलं, त्यांचा अपमान कशाला, आणि डबा ओट्यावर ठेवून आले."

सुमेधाने नवऱ्याकडे असं पाहिलं की बाहेरचं ऊन परवडलं. पण कुमारला मनातून हायसं वाटत होतं. यामिनीचं जमलेलं होतं, काकू रागावल्या नव्हत्या आणि डेबीने त्याला ओळखलं नव्हतं. त्या आनंदात तो भराभर शेंगा फोडून खात होता.

"कुमार, तुम्ही इथे पहिल्यांदाच येताय ना?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू. अगदी पहिल्यांदा."

काकूंनी टेबलावर नजर फिरवली. सुमेधाने टरफलं पेपर नॅपकिनवर नीट गोळा केली होती. काकांनी आपल्या बशीत केली होती. यामिनी-प्रथमेशने शेंगांना हातच लावला नव्हता. भराभर शेंगा खाणाऱ्या कुमारसमोर मात्र एकही टरफल नव्हतं. त्याची सगळी टरफलं जमिनीवर, त्याच्या बुटांभोवती पडली होती, कारण रस्टी बकेटची रीतच तशी आहे आणि हाताला ती सवय झाली होती.

"घरात वाढलेला माणूस टरफलं खाली टाकत नाही," काकू म्हणाल्या. "नेहमी येणारा टाकतो. कोणत्या वारी येता?"

"गुरुवारी," कुमार खालच्या आवाजात म्हणाला आणि टरफलं उचलायला वाकला.

"राहू द्या ती." तेवढ्यात रताळी आली. काकूंनी त्यातलं एक वाफाळतं रताळं त्याच्या बशीत घातलं. "हे घ्या. चुकवू नका."

त्या रात्री मंडळी मोटेलवर राहिली आणि सोमवारी सकाळी काकूंनी सुमेधाच्या श्रीखंड-पुरीवर उपास सोडला. पुऱ्या चिवट झाल्या होत्या, पण त्या तीन खाऊन झाल्यावर त्यांनी आणखी एक मागून घेतली. मंगळवारी एसी दुरुस्त झाला. डिसेंबरात लग्न झालं.

कुमारला आहेरात एक अमेरिकेतलं पंचांग मिळालं. ते तो कपाटात ठेवून विसरूनही गेला असता, पण दर एकादशीला सकाळी क्युपर्टिनोहून फोन येतो. काकू रागावत नाहीत, काही शिकवत नाहीत. फक्त विचारतात, "आज काय, कुमार?" आणि कुमारला फोनवर खोटं बोलायची आता हिंमत होत नाही.

मध्यंतरी एकादशी गुरुवारी आली. ऑफिसची मंडळी नेहमीप्रमाणे रस्टी बकेटमध्ये जमली. डेबीने सगळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या, कुमारला काहीच विचारलं नाही आणि त्याच्यासमोर फॉइलमध्ये गुंडाळलेलं रताळं आणून ठेवलं. दालचिनी नव्हती. मघाशी कॅलिफोर्नियातून एका बाईंचा फोन आला होता, असं ती म्हणाली.