तीन फेऱ्या, बरोबरीनं

"गाडी परत चारला निघते. तीन फेऱ्यांना फार तर पंधरा मिनिटं. वेळच वेळ आहे," बसमधून उतरता उतरता ड्रायव्हर म्हणाला. तीस वर्षं बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. आज तो नुसता प्रवासी होता, पण हे त्याच्या लक्षात राहत नव्हतं.

"वेळ राहू द्या," बायको म्हणाली. "तीस वर्षं म्हणतेय, एकदा दोघं मिळून त्या स्तूपाला जाऊ. दर वेळी तुमची ड्यूटी. अहो, आज फेऱ्या बरोबरीनं घालायच्या. नाही झाल्या, तर मी आलेच नाही असं समजेन."

"बरोबरीनंच! मी काय पळून जातोय?"

स्तूप गावाबाहेर शेतात होता. छोट्या टेकडीएवढा, गोल आणि भरीव. भोवती दगडी वाट, वाटेला उंच कठडा आणि आत-बाहेर करायला एकच दार. दाराशी पाटी होती: मौन पाळावे. स्तूप उजव्या हाताला ठेवून चालावे. उलट फिरू नये. ती वाचून ड्रायव्हरला बरं वाटलं. वन-वे त्याने जन्मात मोडला नव्हता.

चपला काढून दोघं निघाली. दहाव्या पावलाला बायकोच्या तळव्यात काटा रुतला. मौन असल्यामुळे ती ओरडली नाही, खाली बसली. ड्रायव्हर पुढे गेला. मागचं बघायला त्याला आरसा लागायचा.

अर्ध्या फेरीवर त्याला शेजारची जागा रिकामी दिसली. उलट फिरायची सोय नव्हती. पूर्ण फेरी मारली की सापडेलच, या हिशेबाने त्याने वेग वाढवला. तेवढ्यात इकडे काटा निघाला होता आणि नवरा पुढे गेला म्हणून बायकोनेही वेग वाढवला होता.

दाराशी एक म्हातारा वाट झाडत होता. ड्रायव्हरने खुणांनी बायकोची उंची, अंबाडा आणि स्वभाव दाखवला.

"पुढे गेल्या," म्हातारा हळूच म्हणाला.

दोन मिनिटांनी बायको आली. तिने खुणेने टक्कल आणि पोट दाखवलं.

"पुढे गेले," म्हातारा म्हणाला. दोन्ही वेळा तो खरंच बोलला होता.

पाचव्या फेरीनंतर ड्रायव्हरने विचार केला, आपण थांबू, ती येईल. तो कठड्याला टेकला. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचे विचार जुळले होते; स्तूपाच्या पलीकडे तीही त्याच वेळी टेकली. पाच मिनिटांनी दोघांनीही ठरवलं, की ज्याअर्थी माणूस येत नाही त्याअर्थी तो आपली वाट बघत थांबला आहे. दोघं एकदमच उठली.

दाराबाहेर बसलेल्या यात्रेकरू बायका फेऱ्या मोजू लागल्या.

"अकरा झाल्या गं बाई! आणि काय तो वेग! काहीतरी मोठं मागायचं असणार."

"इथं मागायचं नसतं," म्हातारा झाडता झाडता म्हणाला. "जमलं तर काहीतरी सोडायचं असतं."

चौदाव्या फेरीला बसचा हॉर्न वाजला, एक लांब आणि एक आखूड. म्हणजे पाच मिनिटांत निघतो. ड्रायव्हर दाराशीच होता, पण बायकोला टाकून जाणार कुठे? तो तिथेच उभा राहिला. हॉर्न तिनेही ऐकला होता. थोड्या वेळात ती लंगडत, धापा टाकत दाराशी आली.

दोघं दाराबाहेर आली. आता बोलायला हरकत नव्हती.

"होतात कुठं?"

"तुझ्या मागे!"

"मागे? मीच तुमच्या मागे होते!"

"बरं, ते घरी ठरवू. चल, गाडी लागलीय. तीन म्हणाली होतीस, चौदा झाल्या."

"बरोबरीनं किती झाल्या?"

ड्रायव्हरने मनात हिशेब केला. दहा पावलं.

ती पदराने घाम पुसत बसकडे चालू लागली. तिचा दुखरा पाय जमिनीला नीट टेकत नव्हता.

"अगं, पुढची गाडी उद्या सकाळी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मला ठाऊक आहे. मी काही म्हटलं का? चला."

तीस वर्षांत ड्रायव्हरची गाडी एकदाही चुकली नव्हती. त्याने बसकडे बघितलं, बसमधल्या ड्रायव्हरला हात केला आणि जायची खूण केली. मग पायातल्या चपला पुन्हा काढल्या.

बस गेल्यावर दोघं परत आत शिरली. या वेळी बायको अर्धं पाऊल पुढे होती, हळूहळू चालत होती. म्हाताऱ्याने सवयीने मान वर केली.

"पुढे गेल्या," तो म्हणाला.

ड्रायव्हरने मौन मोडलं. "दिसतायत," तो म्हणाला.