कानामागची पेन्सिल

छत्तीस वर्षं गोदामात माल तपासून निवृत्त झालेला माणूस नूडल्सच्या दुकानात बायकोसमोर ताठ बसला होता. आज त्याची परीक्षा होती. चार महिने तो ‘दोघंच सहलीला जाऊ’ म्हणून तिच्या मागे लागला होता, आणि मुलगा बरोबर असल्याशिवाय ती घर सोडायला तयार नव्हती. काल कुठे थोडी विरघळली.

“मुलाला एकही फोन न करता मला बाहेर नीट जेवू घाला. मग येते,” ती म्हणाली होती.

त्याला स्वतःबद्दल इतकी खात्री, की सकाळीच तो सहल कंपनीत चक्कर मारून आला होता.

दुकान स्वस्त आणि गजबजलेलं होतं. टेबलं इतकी खेटून, की शेजाऱ्याच्या वाफेनं आपला चष्मा धुरकट व्हावा. टेबलावर एक लांबलचक छापील चिठ्ठी होती, तिच्यावर खुणा करून द्यायची. ती पाहून गोदामवाल्याचा जीव भांड्यात पडला. कागद म्हणजे त्याचा प्रांत! त्यानं कानामागची पेन्सिल काढली, एकेक ओळ वाचली, खाली सही ठोकली, पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली आणि चिठ्ठी वाढणाऱ्या बाईंना दिली.

“रस्स्यातले नूडल्स, दोन,” तो रुबाबात म्हणाला.

बाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग या दोघांकडे. “तेही आहेत,” एवढंच बोलून त्या गेल्या.

पाचच मिनिटांत लहान मुलाची उंच खुर्ची आली.

“ही कुणाला?” बायकोनं विचारलं.

“पर्स ठेवायला असेल,” तो म्हणाला. पर्स खुर्चीत बसली.

मग रस्स्यातले नूडल्स आले. मग परतलेले, मग थंड, मग हिरवे. वाफवलेल्या करंज्यांसारखं काहीतरी आलं, तेच पुन्हा तळून आलं.

“अहो, हे दुसऱ्या टेबलाचं असेल.”

“असेलच. गर्दीत गोंधळ होतो,” म्हणून त्यानं दोन वाडगे परत पाठवले. ते पिशवीत बांधून परत आले. आता त्याला घाम फुटला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, की सहल डोळ्यांदेखत निसटून चालली आहे असं त्याला वाटलं.

एवढ्यात खुद्द आचारी हातात चिठ्ठी घेऊन बाहेर आला. “काका, माझं डोकं चालेना. ‘अंडं नको’ला खूण आहे, ‘जास्तीचं अंडं’लाही आहे. कमी तिखट, मध्यम, जहाल, तिन्ही. इथे खाणार आणि घरी नेणार, दोन्ही. मी करू तरी काय?”

“त्या खुणा मागणीच्या नाहीत हो,” गोदामवाला गोंधळून म्हणाला. “त्या तपासल्याच्या आहेत. ओळ वाचली की टिक करायची. नाहीतर वाचली हे कळणार कसं?”

“कुणाला?” आचाऱ्यानं विचारलं.

हा प्रश्न त्याला छत्तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

बायको पदर तोंडाला लावून गदागदा हसत होती. आचारीही हसला आणि राहिलेले पदार्थ रद्द करून गेला. आलेलं मात्र तिनं काहीच सोडलं नाही. थंड नूडल्स तिला भलतेच आवडले. तो बिचारा मान खाली घालून काड्यांशी झटत होता. सगळं पाण्यात गेलं, असं त्याला वाटत होतं.

“चला, जाऊ सहलीला,” ती एकदम म्हणाली.

“नापास झालो ना मी?”

“झालात. पण मुलाबरोबर आले असते तर दोन वाडगे खाऊन घरी गेले असते. इतक्या वर्षांत अशी हसले नव्हते.” तिनं डोळे पुसले. “फक्त तो सहलीचा फॉर्म मी भरणार.”

त्याची काडी हवेतच थांबली. “तो... सकाळीच देऊन आलो.”

“वाचून दिलात ना?”

“एकेक ओळ,” तो अभिमानानं म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“काय काय होतं त्यात?”

“समुद्रात बुडी. उंटावरून फेरी. नवविवाहितांसाठी फुलांची खोली.” त्यानं काड्या खाली ठेवल्या. “विमानातून उडी.”

बायकोनं हात लांब करून त्याच्या कानामागची पेन्सिल काढली, उंच खुर्चीतल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

“उडी कितव्या दिवशी आहे?” तिनं विचारलं.